नवा संगणक चालू व्हायला वेळ का लावतो?

सुटे भाग निवडून जोडलेला संगणक आपल्याला हवा तसा मिळतो. म्हणून छपाई, एम्ब्रॉयडरीचे डिझाइन किंवा जीएसटीची बिले यांसाठी आमचे कित्येक व्यापारी व कारागीर बंधू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून भाग आणून तो जोडून घेतात. सारे भाग नवे कोरे; तरी बटण दाबल्यावर मिनिटभर स्क्रीन काळीच आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत. मग एक जण म्हणतो रॅम बदला, दुसरा म्हणतो बोर्ड गेला. प्रश्न हजारो रुपयांचा असतो. तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी वेळ नेमका कोठे जातो, हे बंधूंनी स्वतः पाहावे.

बटण दाबल्यापासून विंडोजचे फिरते वर्तुळ दिसेपर्यंतचा बहुतेक वेळ मदरबोर्डवरील बायॉसचा, पुढचा विंडोजचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअपच्या पानावर वर उजवीकडे 'लास्ट बायॉस टाइम' सेकंदांत दिलेला असतो. तो दहा-वीस सेकंद असेल तर बोर्ड व रॅमच्या मागे लागू नये. पन्नास-साठ असेल तर विंडोज पुन्हा टाकून काहीही साधणार नाही, आणि त्याची मजुरी मात्र द्यावी लागेल.

बायॉसला वेळ लागण्याचे अलीकडचे मोठे कारण डीडीआर५ रॅम. एएमडीचे एएम५ बोर्ड २०२२ मध्ये आले. त्यांवर हीच रॅम चालते. एवढ्या वेगाच्या रॅमशी जुळवून घेण्यासाठी बोर्ड आधी तिची चाचणी घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पहिल्या वेळी त्यात कित्येक मिनिटे जाऊ शकतात, रॅमच्या चार पट्ट्या असतील तर अधिकच. घाबरून वीज बंद केली की सारे पुन्हा पहिल्यापासून! पहिल्या दिवशी धीर धरावा. रोजच असे होत असेल तर बायॉसची नवी आवृत्ती टाकून घ्यावी, मात्र यूपीएस लावून. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. बायॉसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर' ही सोय चालू केली की जुन्या चाचणीचा निकाल जपला जातो आणि वेळ वाचतो. त्यानंतर संगणक अडखळू लागला तर ती पुन्हा बंद करावी.

बायॉस चटकन आटोपून विंडोज रेंगाळत असेल, तर त्याच स्टार्टअपच्या पानावरील बिनकामाचे प्रोग्रॅम बंद करावेत. अँटीव्हायरस एकच पुरे.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती जुन्या हार्ड डिस्कची. हिशेब त्यात आहेत म्हणून ती नव्या कॅबिनेटमध्ये बसवली जाते. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या, तर विंडोज नव्या एसएसडीवर जाऊनही चालू होण्याच्या फायली जुन्या डिस्कवर राहू शकतात. संगणक मग रोज त्या थकलेल्या डिस्कची वाट पाहतो आणि ती बंद पडली की एसएसडी धडधाकट असूनही चालू होत नाही. जोडणाऱ्याची घाई याला पुष्कळदा कारणीभूत असते. पारख सोपी आहे. संगणक पूर्ण बंद करून, वीज काढून, जुन्या डिस्कची केबल सोडवावी व पुन्हा चालू करावा. तो झटकन चालू झाला तर ती डिस्कच वेळ खात होती. चालूच झाला नाही तर फायली तिच्यावरच आहेत. अशा वेळी केबल परत जोडून आधी हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मग एकटी एसएसडी जोडून तिच्यावर विंडोज नव्याने टाकून घ्यावे.