टेम्पोला पाणी पाजून डिझेल वाचतं का?

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी १२,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर टेम्पोला ‘हायड्रोजन किट’ बसवायला. त्यांचे यजमान पहाटे मुरूडहून मासळी घेऊन अलिबागला येतात. विकणाऱ्याने सांगितलं होतं, डिझेल तिसऱ्या हिश्शाने वाचेल. “पाणी तर फुकटच आहे ना?” ताई म्हणाल्या. पण १२,००० म्हणजे आम्हा दहाजणींची महिना शंभर रुपयांप्रमाणे वर्षभराची बचत. म्हणून म्हटलं, आधी समजून घेऊ.

या किटमध्ये एक डबा असतो. त्यात पाणी आणि थोडा क्षार. गाडीच्या बॅटरीची वीज त्यातून गेली की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू होतात आणि नळीने इंजिनात जातात. इथपर्यंत सगळं खरं आहे. हायड्रोजन जळतोही छान.

प्रश्न विजेचा आहे. ती वीज येते कुठून? बॅटरी भरतो अल्टरनेटर, अल्टरनेटरला फिरवतं इंजिन, आणि इंजिन चालतं डिझेलवर. मी हिशोब मांडला. २० अँपिअर वीज घेणारा डबा मिनिटाला साधारण एक लिटर वायू देतो. ऐकायला भरपूर वाटतं, पण तासाभराच्या वायूतली ताकद जेमतेम दोन चमचे डिझेलएवढी. आणि तेवढी वीज तयार करायला इंजिन त्याच तासात चहाच्या कपभर डिझेल जास्त पितं. दर टप्प्यावर बरीचशी ताकद उष्णता होऊन वाया जाते. कपभर देऊन दोन चमचे घ्यायचे, असा हा व्यवहार!

अमेरिकेत स्टॅन्ली मायर नावाच्या माणसाने पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा करून लोकांचे पैसे घेतले होते. १९९६ साली ओहायोच्या न्यायालयात तज्ज्ञांनी यंत्र तपासलं. निघालं पाण्यातून वीज सोडण्याचं नेहमीचंच तंत्र. न्यायालयाने पैसे परत करायला लावले.

मग हायड्रोजनच्या गाड्या खोट्या का? नाही. २०२२ मध्ये नितीन गडकरी दिल्लीत ज्या गाडीतून संसदेत गेले, ती हायड्रोजनचीच. पण तिच्या टाकीत हायड्रोजन बाहेरून भरावा लागतो. गाडी स्वतःच्या विजेवर तो बनवत नाही.

“पण माझ्या भाच्याला फरक पडला,” असं कुणी म्हणेलच. किट बसवताना एअर फिल्टर साफ होतो, टायरमध्ये हवा भरली जाते, आणि पैसे घातलेला माणूस काही दिवस गाडी जपून हाकतो. फरक त्याचा. खात्री करायचीच तर टाकी काठोकाठ भरा, आठवडाभर त्याच रस्त्याने तेवढाच माल न्या, पुन्हा काठोकाठ भरा आणि किलोमीटर मोजा. तसंच किटशिवायही करा. शिवाय डब्यातला क्षार बहुधा कॉस्टिकचा, हाताला भाजतो. वायू गळला तर ठिणगीने भडका उडतो.

ताईंच्या यजमानांनी विकणाऱ्याला फोन करून सांगितलं, “आधी महिनाभर लावून दाखवा, अॅव्हरेज वाढलं तर पैसे देतो.” तो येतो म्हणाला होता. अजून आलेला नाही. ताईंनी ४,००० चं कर्ज घेऊन मागचा एक टायर बदलला.