खुब्याचें हाड मोडल्यावर

ऐंशी वर्षांच्या आजी रात्रीं न्हाणीघराकडे जातांना पडतात, खुब्याचें हाड मोडतें, डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवितात. आणि घरांत जो वाद सुरू होतो तो पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. 'आतां या वयांत कशाला चिरफाड!' हा त्यांतील नेहमींचा उद्गार.

उद्गार मायेचा खरा. पण शस्त्रक्रिया टाळली म्हणजे धोका टळला, असें होत नाहीं. अंथरुणास खिळलेल्या वृद्धास न्युमोनिया होतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात, पाठीस व्रण पडतात. कूस बदलतांना होणाऱ्या वेदना त्या निराळ्याच. हाड सांधल्यानें या वेदना कमी होतात आणि माणसास उठवून बसवितां येतें. म्हणूनच रुग्ण दाखल होईल त्या दिवशीं, फार तर दुसऱ्या दिवशीं, शस्त्रक्रिया करावी असें इंग्लंडांतील शासकीय मार्गदर्शन सांगतें. परदेशांतील चिरंजीवांची वाट पाहण्यांत चार दिवस घालविणें बरें नव्हे.

मात्र जी व्यक्ति आधींच अत्यंत क्षीण झाली आहे, तिची गोष्ट वेगळी. तिच्या हृदयास व फुप्फुसांस भूल व रक्तस्राव यांचा ताण सोसेलच असें नाहीं. पुढें कांहीं दिवस भ्रम होऊन पोटच्या मुलासहि ती ओळखीत नाहीं, असेंहि घडतें. हॉलंडांतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या अशा १७२ वृद्धांचा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. रुग्ण, आप्त व डॉक्टर यांनीं विचारविनिमय करून ८८ जणांच्या बाबतींत शस्त्रक्रिया न करण्याचें ठरविलें. ८४ जणांवर ती झाली. तीस दिवसांत पहिल्यांपैकीं शेंकडा ८३ वारले, दुसऱ्यांपैकीं शेंकडा २५. या आंकड्यांनीं प्रश्न मिटला असें वाटेल. परंतु हातीं असलेले दिवस कसे गेले हें पाहतां, शस्त्रक्रिया न झालेल्यांची स्थिति अधिक वाईट आढळली नाहीं. अर्थात् त्यांना वेदनाशामक उपचार मिळत होते. नुसतें खाटेवर टाकून ठेवणें निराळें.

कालपर्यंत घरभर हिंडणाऱ्या आजींना हा दाखला लावूं नये. त्यांच्या बाबतींत शस्त्रक्रियेकडेच कौल द्यावा. पण ज्या वर्षभर उठल्याच नाहींत, त्यांचें काय? डॉक्टरांस 'वाचतील ना?' एवढेंच विचारून थांबूं नये. पुन्हां बसतील काय, दुखणें किती कमी होईल, हेंहि विचारावें. आणि बहुधा आजी शुद्धीवर असतात, उशाशीं चाललेलें सर्व ऐकत असतात. त्यांना मात्र कोणी विचारीत नाहीं.