पराभवाची जबाबदारी : खेळाडूंची की प्रशिक्षकाची?

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांचे संघ नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतात. संघ हरला की खापर कोणाच्या माथी फोडावयाचे, हा प्रश्न तेथेही उपस्थित होतो. त्याच्या उकलीसाठी विदर्भाच्या रणजी संघाचा अलीकडील इतिहास उपयुक्त आहे.

बेसबॉलमध्ये सामना चालू असताना पिचर बदलण्याचा निर्णय संघाचा व्यवस्थापक घेतो. म्हणून पराभवाचा दोष त्याच्याकडे जाणे काहीसे स्वाभाविक ठरते. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलण्याचा अधिकार कर्णधाराचा असतो. प्रशिक्षकाचे कार्य मुख्यतः सामन्यापूर्वीचे असते. तरीही आधी बदलला जातो तो बहुधा प्रशिक्षकच. अकरा खेळाडू एकदम बदलता येत नाहीत, हे त्याचे साधे कारण होय. त्यात न्यायनिवाडा फारसा नसतो.

जानेवारी २०१७ मध्ये इंदूर येथील अंतिम सामन्यात गुजरातने मुंबईचा पराभव केला. पुढील हंगामात मुंबईचे प्रशिक्षकपद चंद्रकांत पंडित यांच्याकडे राहिले नाही. ते विदर्भाकडे आले. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरलाच विदर्भाने दिल्लीस नऊ गडी राखून नमविले व प्रथमच रणजी करंडक जिंकला. मात्र सारे श्रेय पंडितांना देणेही घाईचे ठरेल. त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक साधली होती, अक्षय वाडकरने शतक केले होते.

मार्च २०२४ मधील अंतिम सामना अधिक बोलका आहे. वानखेडे मैदानावर मुंबईविरुद्ध विदर्भाचा पहिला डाव १०५ धावांत आटोपला. पुढे ५३८ धावांचे लक्ष्य समोर असता त्याच संघाने ३६८ धावा उभारल्या. खेळाडू तेच, प्रशिक्षकही तेच. मग १०५ धावांचा दोष प्रशिक्षणावर कसा टाकावा?

महाविद्यालयात हिशेब थोडा निराळा होतो. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात, आणि अनेक खेळांचा भार एकाच शारीरिक शिक्षण संचालकावर असतो. सराव अपुरा राहिला, तर तो दोष खेळाडूंचा नव्हे. अनेकदा तो संचालकाचाही नसतो, वेळापत्रक आखणाऱ्या संस्थेचा असतो. सरावात घोटून घेतलेला झेल सामन्यात सुटला, तर मात्र तो खेळाडूनेच पत्करावा.

२०२४ चा तो सामना विदर्भाने १६९ धावांनी गमावला. त्यानंतर प्रशिक्षक उस्मान गनी आणि कर्णधार वाडकर दोघेही कायम राहिले. मार्च २०२५ मध्ये नागपुरात केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला.