आधी तोल, मग पेडल

लहान मुलाची सायकल म्हटलं की आपल्याकडे ठरलेला क्रम असतो. आधी तीनचाकी, मग मागे सपोर्टची दोन छोटी चाकं लावलेली सायकल, आणि एक दिवस ती चाकं काढून सीट धरून मुलामागे धावणं. या क्रमात आता बॅलन्स बाइकची भर पडली आहे. तिला दोन चाकं, सीट आणि हँडल एवढंच असतं; पेडल नाही, चेन नाही. मूल सीटवर बसून पायांनी जमीन मागे रेटतं आणि वेग आला की पाय उचलून घेतं. ही सायकल घेताना आड येणाऱ्या बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच आहे. सायकल शिकणं म्हणजे पेडल मारायला शिकणं, असं आपण धरून चालतो. खरं तर पेडल मारणं हा त्यातला सोपा भाग. अवघड आहे तो तोल. हे पटलं की कोणती बॅलन्स बाइक घ्यावी, केवढी घ्यावी आणि कधी घेऊच नये, हे ठरवणं सोपं जातं.

गैरसमज : पेडल नाही, म्हणजे ते नुसतं खेळणं

सायकलचा इतिहास याच्या उलट सांगतो. कार्ल फॉन ड्राइस यांनी जर्मनीतल्या मानहाइममध्ये १८१७ साली चालवून दाखवलेलं लाकडी दुचाकी यंत्र हे सायकलचं पहिलं रूप मानलं जातं, आणि त्याला पेडल नव्हतं. मोठी माणसं त्यावर बसून पायांनी जमीन रेटत जात. पुढच्या चाकाला पेडल जोडलेल्या सायकली फ्रान्समध्ये रुळल्या त्या १८६०च्या दशकात. म्हणजे दोन चाकांवर तोल सांभाळता येतो हे माणसाला आधी कळलं, पेडल मागून आलं. आपल्याकडे मोठ्यांच्या सायकलवर शिकणारी मुलंही याच वाटेनं जात. एक पाय पेडलवर ठेवून दुसऱ्यानं जमीन रेटायची, तोल जमला की नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचं, आणि सीटवर बसायचं ते सगळ्यात शेवटी. बॅलन्स बाइक हाच क्रम दोन वर्षांच्या मुलाच्या मापात आणते.

गैरसमज : सपोर्टच्या चाकांवरही तोल आपोआप येतो

सायकल डावीकडे कलायला लागली की चालवणारा नकळत हँडल डावीकडे वळवतो, त्यामुळे चाकं पुन्हा शरीराच्या भाराखाली येतात आणि सायकल सावरते. तोल सांभाळणं म्हणजे मुख्यतः हेच, क्षणाक्षणाला चाललेलं. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या परिणामामुळेच सायकल उभी राहते, असा समज मोठ्यांमध्येही आहे. पण नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी रद्द केलेली एक सायकल तयार केली, आणि ती तरीही वेगात स्वतःहून सावरते हे २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. तीही पडण्याच्या दिशेनं स्वतःच वळत होती. सपोर्टच्या चाकांची सायकल नीटशी कलूच शकत नाही, त्यामुळे सावरण्याचा प्रश्नच येत नाही. वळताना मूल तीनचाकीसारखं नुसतं हँडल फिरवतं आणि शरीर वळणाच्या बाहेर झुकतं. सपोर्ट काढल्यावर ही सवय आधी मोडावी लागते.

यावर हरकत अशी, की पिढ्यान् पिढ्या मुलं सपोर्टवरच शिकली. शिकली हे खरं, पण केव्हा? पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीच्या अभ्यासात बॅलन्स बाइकवर सुरुवात केलेल्यांना सरासरी चौथ्या वर्षाच्या आसपास, तर सपोर्टवर सुरुवात केलेल्यांना सहाव्याच्या आसपास सायकल येऊ लागल्याचं दिसलं. हा सगळा फरक सायकलच्या रचनेमुळेच पडला, असं मात्र म्हणता येत नाही. बॅलन्स बाइकवर सुरुवातच लवकर होते, ती घेणाऱ्या घरांत सायकलची आवड मुळात जास्त असू शकते, आणि प्रश्नावलीत उत्तरं आठवणीवर भिस्त ठेवून दिली जातात. तरीही आकडे आणि तोलाचं शास्त्र एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून त्यांना वजन आहे.

गैरसमज : वय पाहून, आणि थोडी मोठीच घ्यावी

वाढत्या अंगाचे कपडे घेण्याचा हिशेब इथे लागू पडत नाही. पाय जमिनीला नीट टेकतात म्हणूनच मूल या सायकलवर धीर धरतं. नुसती बोटं टेकत असतील तर रेटायला जोर मिळत नाही, थांबता येत नाही, आणि मूल दोन दिवसांत तिच्याकडे पाठ फिरवतं. खोक्यावर लिहिलेलं वय हा ढोबळ अंदाज असतो. खरं माप पायांच्या आतल्या लांबीचं. मुलाला बूट घालून भिंतीला पाठ टेकवून उभं करा, पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरून हळूच वर सरकवा आणि जमिनीपासूनची उंची मोजा. सायकलची सीट सर्वांत खाली असताना तिची उंची या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी हवी. मग दोन्ही तळवे सपाट टेकतात आणि गुडघे किंचित वाकलेले राहतात.

दुसरं माप वजनाचं. सायकल मुलाच्या वजनाच्या ३० टक्क्यांहून जड नसावी, असा ढोबळ नियम पाळला जातो. बारा किलोच्या मुलासाठी ही मर्यादा साडेतीन किलोच्या आसपास येते. पाच किलोची सायकल त्याच्या हाती देणं म्हणजे साठ किलोच्या माणसाला पंचवीस किलोची सायकल देणं. पडलेली सायकल मुलाला स्वतः उचलता आली नाही, तर ती चालवण्यापेक्षा तुमच्याच खांद्यावर जास्त फिरेल.

गैरसमज : जितक्या सोयी जास्त, तितकी सायकल चांगली

दिवे, गाणी आणि सस्पेन्शन यांनी तोल शिकायला मदत होत नाही, वजन मात्र वाढतं. दोन-अडीच वर्षांच्या बोटांत ब्रेक दाबण्याइतका जोर सहसा नसतो, त्यामुळे त्या वयात पाय हेच ब्रेक. म्हणून पायांत चप्पल नको, बंद बूट हवेत. हाताच्या ब्रेकचा खरा उपयोग पुढे, वेग वाढल्यावर होतो. टायरचा निर्णय जागा पाहून घ्यावा. फोमचे टायर हलके असतात आणि पंक्चर होत नाहीत, पण ओल्या गुळगुळीत फरशीवर ते घसरू शकतात. हवेचे टायर खडबडीत मैदानावर चांगली पकड घेतात आणि धक्के कमी करतात, पण जड असतात. पाहायचं ते असं : सीट बरीच वर-खाली होते का, हँडलची टोकं जाड रबरानं झाकलेली आहेत का, बोल्टची टोकं उघडी तर नाहीत ना. भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर २०२१पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅलन्स बाइकवरही ते शोधावं.

गैरसमज : वेग कमी, म्हणून हेल्मेट नको

सपाट जागी वेग कमी असतो, पण सोसायटीच्या पार्किंगचा उतार तो क्षणात वाढवतो आणि ब्रेक म्हणून फक्त पाय असतात. म्हणून उतार, गेट आणि रस्ता टाळावा आणि हेल्मेट पहिल्या दिवसापासून असावं. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे. घसरगुंडीवर चढण्याआधी मात्र ते आठवणीनं काढायला हवं, कारण खेळाच्या साधनांत हेल्मेट अडकून पट्ट्याचा गळफास बसू शकतो.

गैरसमज : वर्ष-दोन वर्षांसाठी पैसे वाया

ही हरकत अर्धी खरी आहे. मूल चार वर्षांचं झालं असेल, तर नवी बॅलन्स बाइक घेऊ नका. त्याच्या मापाच्या सायकलचे सपोर्ट आणि पेडल काढा, सीट खाली करा, तोल जमल्यावर पेडल पुन्हा बसवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, एवढं ध्यानात ठेवा. दोन वर्षांच्या मुलाला मात्र पेडल काढलेली साधी सायकलही बहुधा उंच आणि जड पडते. तिथे बॅलन्स बाइकला पर्याय नाही. तिच्यात झिजणारे भाग थोडे असल्यानं ती धाकट्या भावंडाला जाते किंवा जुन्यात चांगली मिळते, आणि सपोर्टच्या सायकलचा खर्च वाचतो. दुकानात शेवटी दोनच गोष्टी तपासा : मुलाचे तळवे पूर्ण टेकतात का, आणि आडवी पडलेली सायकल ते स्वतः उभी करू शकतं का. यातली एक जरी जमली नाही, तर किंमत आणि ब्रँड कितीही मोहात पाडो, ती घेऊ नका.