चप्पल निसटते, पण कळत नाही!

सासूबाई हल्ली भिंतीला धरून चालतात. रात्री मोरीकडे जाताना त्यांचा तोल जातो. चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि त्या तशाच चार पावलं पुढे जातात. आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच!" पण मैत्रिणींनो, त्यांना दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल तर सगळं वयाच्या माथी मारू नका.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जातंतू बिघडतात. सर्वांत लांबचे तंतू पावलांत उतरतात, म्हणून सुरुवात बोटांपासून. आधी मुंग्या, रात्री तळव्यांची आग, मग बधिरपणा. पाऊल कुठं पडलं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समजत नाही, म्हणून अंधारात जास्त पंचाईत. पुढे पायातली ताकदही कमी होते. आणि गंमत पाहा, आग थांबली की म्हातारी माणसं "बरं वाटतंय" म्हणतात! पुष्कळदा ते बरं वाटणं नसतं, बधिरपणा वाढलेला असतो. खिळा रुतला तरी कळत नाही.

म्हणून रोज दिवेलागणीला त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तुम्हीच पाहा. गरम पाण्याच्या पिशवीनं पाय शेकू नका. आंघोळीचं पाणी आपल्या कोपरानं अजमावा. भोवरी ब्लेडनं कापू देऊ नका. अंगठ्याच्या चपलेऐवजी मागं पट्टा असलेली सँडल आणा. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर जाड पायमोजे घातले म्हणून देव काही रागावत नाही.

मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल, त्यातून माणूस शाकाहारी असेल, तर बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. त्याची लक्षणंही अशीच, पण त्यावर उपाय आहे. रक्त तपासून घ्या. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही हं!

एकाच मांडीत जबर कळ येऊन ती बारीक होत गेली, पाटावरून उठवेना, तर तोही मधुमेहाचाच प्रताप असू शकतो. पुष्कळांची ताकद काही महिन्यांनी हळूहळू परत येते. मात्र एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून त्याच घटकेला दवाखाना गाठा.

वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पावलांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा बारीक धागा टेकवून पाहतात, सुई नसते. जाताना गोळ्यांची पाकिटं, साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणि रोजच्या वापरातली चप्पल बरोबर न्या. ती कुठं झिजली आहे, यावरून पावलाचा भार कुठं पडतो ते डॉक्टरांना दिसतं.