आईच्या दंडावरचे दोन वण

भाच्याला कांजिण्या आल्या आणि जठारपेठेतल्या आमच्या दाराला कडुलिंबाची डहाळी लागली. रोज सकाळी मी त्याची पाठ बघायचो. एक ठिपका नुसता लाल, शेजारी पाण्यानं टचटचलेला फोड, त्याला लागून वाळलेली खपली.

अंगावर फोड दिसले की हल्ली मंकीपॉक्सही मनात येतो, पण त्याचे फोड सहसा असे मागेपुढे येत नाहीत. अंगाच्या एका भागावरचे बरोबरीनं उठतात, बरोबरीनं पिकतात. शिवाय मानेत, काखेत, जांघेत अवधाण येतं. विषाणू आधी त्या गाठींत पोचून वाढतो आणि पांढऱ्या पेशी तिथंच त्याला गाठतात; गाठ सुजते ती या झटापटीनं. त्वचेवर काही दिसण्याआधीचे हे दिवस मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. शरीराची पहिली हाकाटी दाबून टाकणारी प्रथिनं विषाणूपाशी असतात, त्यामुळे सुरुवातीला तो पुढे असतो. मग विषाणू ओळखणाऱ्या पेशी बाधित पेशी मारू लागतात, प्रतिपिंडं वाढतात. रक्तातला विषाणू कमी होतो, पण फोडांत तो आणखी बरेच दिवस टिकतो. या झगड्यात त्याच्यावरही खुणा उमटतात: आपल्या पेशींतलं एक विकर त्याच्या डीएनएतली अक्षरं बदलतं. 2022 च्या साथीतल्या विषाणूंत असे बदल भरपूर सापडले आणि तो माणसामाणसांत बराच काळ फिरत होता, हे त्यावरूनच कळलं. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं भारतातल्या रुग्णाच्या नमुन्यातून हा विषाणू वेगळा केला.

"मले देवी काढल्या तवा दंड हा असा सुजला होता," आईनं बाही वर सारली. दोन गोल, खोलगट वण. लशीतला जिवंत विषाणू तिथं वाढला, फोड झाला, पिकला, तिसऱ्या आठवड्यात खपली पडली. तो मंकीपॉक्सच्याच कुळातला, म्हणून ती जुनी ओळख आजही थोडीफार कामी येते. माझा दंड कोरा. 1980 मध्ये देवीचं उच्चाटन जाहीर झालं, मी त्यानंतरचा.

भाच्याचे सगळे फोड वाळले तसं डॉक्टरांनी त्याला खेळायला सोडलं. मंकीपॉक्स असता तर खपल्या गळून खाली नवी कातडी येईपर्यंत तो खोलीतच राहिला असता, कारण खपलीतही विषाणू असतो.

संध्याकाळी आईनं डहाळी उतरवली.