परदेशांतील शास्त्रीय पदवी व शेतकऱ्याची जमीन

जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचीं मुलें आतां बी. एस्सी. होऊन थांबत नाहींत. बदनापूरच्या कृषि महाविद्यालयांतून किंवा जवळच्या एखाद्या विज्ञान महाविद्यालयांतून पदवी हातीं आली, कीं पुढील शास्त्रीय पदवीसाठीं अमेरिका, जर्मनी, इंग्लंड या देशांचीं नांवें घरांत निघूं लागतात. मुलाची किंवा मुलीची इच्छा योग्यच असते. पण खर्चाचा आंकडा ऐकतांच वडिलांची दृष्टि सात-बाऱ्याकडे वळते. चार एकर विकून मुलास पाठवावें काय, हा प्रश्न लहान नाहीं. आमचें मत आरंभींच सांगतों: जाण्यास हरकत नाहीं, परंतु पदवी कोणत्या प्रकारची आहे हें समजून घेतल्यावांचून जमिनीस हात लावूं नये.

परदेशीं जाऊन विद्या संपादन करणें ही महाराष्ट्रास नवी गोष्ट नव्हे. वर्धा येथें १८८४ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग खानखोजे यांनीं अमेरिकेंतील ऑरेगॉन व वॉशिंग्टन या संस्थानांत मोलमजुरी करीत कृषिशास्त्राचें शिक्षण घेतलें. पुढें मेक्सिको देशांत चापिंगो येथील कृषि विद्यालयांत ते प्राध्यापक झाले व मक्याच्या सुधारणेवर त्यांनीं मोठें काम केलें. दुसरें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कला व तेथून लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांस लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें. स्वतःची शिल्लक व मित्राचें कर्ज घेऊन १९२० सालीं ते पुन्हा गेले, तेव्हां १९२१ सालीं एम. एस्सी. व १९२३ सालीं डी. एस्सी. या पदव्या पूर्ण झाल्या. एवढ्या बुद्धिमान पुरुषासही पैशाच्या अभावीं मध्येंच परतावें लागलें. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंतचा खर्च निघण्यापूर्वींच नजरेसमोर असला पाहिजे. मजुरीवर शिकण्याचा खानखोज्यांचा मार्गही आतां जवळजवळ बंद आहे. अमेरिकेंत सत्र चालू असतां विद्यार्थ्यास आठवड्यास २० तासांहून अधिक काम करतां येत नाहीं, व तेंही बहुधा विद्यापीठाच्या आवारांतच.

आतां पदवीचे दोन प्रकार पाहूं. एका प्रकारांत विद्यार्थी फी भरतो, वर्गांत बसतो, परीक्षा देतो आणि पदवी घेतो. दुसऱ्या प्रकारांत तो एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखालीं संशोधन करून प्रबंध लिहितो. प्राध्यापकाजवळ संशोधनासाठीं मिळालेला पैसा असतो व त्यास कामाचे हात हवे असतात. असा विद्यार्थी जणूं त्याच्या प्रयोगक्षेत्रावरील सालदारच होय. त्याची फी बहुतेक माफ होते आणि दरमहा निर्वाहापुरतें वेतन मिळतें. अमेरिकेंत १८६२ च्या कायद्यान्वयें सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर जीं कृषि महाविद्यालयें निघालीं, त्यांच्या आजच्या विद्यापीठांत मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पतिरोगशास्त्र व पीक-पैदास या विषयांत ही रीति रूढ आहे. संगणकासारख्या विषयांच्या दोन वर्षांच्या पदवीस मात्र अशी मदत क्वचित् मिळते. आमच्या भागांत कर्ज होतें तें बहुधा याच दुसऱ्या वाटेनें.

अशी जागा मिळविण्यासाठीं निदान एक वर्ष आधीं प्राध्यापकांशीं पत्रव्यवहार सुरू करावा. त्यांत गुणपत्रिकेइतकेंच महत्त्व स्वतः केलेल्या कामास असतें. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी, तुरीवरील मर, मोसंबीची फळगळ हे आपल्या बांधावरचेच विषय आहेत. ज्यानें एक हंगामभर यांपैकीं कशाचीं नीट टिपणें ठेविलीं, त्याचें पत्र वाचलें जाण्याचा संभव अधिक. आणखी एक अडचण आधींच पाहावी. अमेरिकेंतील अनेक विद्यापीठें सोळा वर्षांचें शिक्षण मागतात. कृषि पदवी चार वर्षांची असल्यामुळें ती चालते. तीन वर्षांची बी. एस्सी. सर्वत्र चालत नाहीं.

जर्मनींत बहुतेक सरकारी विद्यापीठें शिकवणीची फी घेत नाहींत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतांत मात्र परदेशी विद्यार्थ्यास प्रत्येक सत्रास १,५०० युरो पडतात. तथापि फी नाहीं म्हणजे खर्च नाहीं असें नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्यें ठरलेल्या नियमाप्रमाणें एका वर्षाच्या निर्वाहासाठीं ११,९०४ युरो बंद खात्यांत आधींच ठेवावे लागतात व त्यांतून दरमहा ९९२ युरो काढतां येतात. हा पैसा विद्यार्थ्याच्याच पोटासाठीं असतो, पण तो एकरकमी उभा करावा लागतो. इंग्लंडांत पदवी एका वर्षांत होते. परंतु फी जबर असते.

कर्जाविषयीं आमच्या वर्गाची अडचण वेगळी आहे. वीस एकरांचा धनी बँकेंत गेला तरी बँका अशा कर्जास शेतजमीन बहुधा तारण घेत नाहींत. घर, अकृषिक भूखंड किंवा मुदत ठेव मागतात. मग माणूस सावकाराकडे वळतो किंवा जमीन विकावयास काढतो, आणि घात तेथेंच होतो. शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त असल्यामुळें उत्पन्नाचे कागदही घरांत नसतात. म्हणून तहसीलदारांचा दाखला, आठ-अ चा उतारा व बाजार समितींतील आडतीच्या पट्ट्या दोन-तीन वर्षें आधींपासून जपून ठेवाव्या.

व्याजाचा हिशेब कागदावर मांडावा. शिक्षण चालू असतां हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतें. तीस लाख रुपये शेंकडा दहा दरानें आरंभींच उचलले असें धरल्यास तीन वर्षांत सरळ व्याजच नऊ लाख होतें. युरो किंवा डॉलर महागला तर मुद्दलही वाढतें. कर्जावर वडिलांचीही सही असते. मुलास नोकरी न मिळाल्यास वसुली घरावर येते. परदेशीं राहून काम करण्याच्या परवान्याचे नियम तर वरचेवर बदलतात. त्यांच्या भरंवशावर फेडीचा सगळा बेत रचणें धोक्याचें आहे.

कर्जापूर्वीं शिष्यवृत्तीचें दार ठोठवावें. राज्य शासनाच्या अनुसूचित जातींसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची, तर मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठीं सारथी संस्थेमार्फत सयाजीराव महाराजांच्या नांवाची शिष्यवृत्ति आहे. आदिवासी, इतर मागास व खुल्या वर्गांसाठींही निरनिराळ्या योजना आहेत. जागा मोजक्या असतात. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक व उत्पन्नाची मर्यादा पाहिली जाते. त्या त्या वर्षाची जाहिरात वाचून मुदतींत अर्ज करावा.

शेवटीं एक घरगुती गोष्ट. जमीन एकट्या मुलाची नसते. वडिलोपार्जित मिळकतींत मुलींचाही मुलांइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीनें ठरला आहे. एकाच्या शिक्षणासाठीं सर्वांच्या वाट्याची जमीन जाणार असेल, तर सर्वांस बसवून, आंकडे दाखवून, संमति घ्यावी. नाहीं तर पदवी येते व भावंडें तुटतात.

विद्येस आपल्या जिल्ह्यांत काम नाहीं असें कोणी म्हणूं नये. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यास बियाण्यांची कंपनी स्थापिली व १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. पीक-पैदास व मृदाशास्त्र जाणणाऱ्या तरुणांस येथें वाव आहे. प्रथम संशोधनाची सवेतन जागा, ती न मिळाल्यास शिष्यवृत्ति, त्यानंतर फेडतां येईल एवढेंच कर्ज, आणि जमिनीची विक्री सर्वांत शेवटीं, हा क्रम आमच्या शेतकरी बंधूंनीं मोडूं नये. एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करतां येतो; विकलेलें रान परत येत नाहीं.